चुंबक जिथे पडतं

जुनी गाडी बघायला जाताना खिशात एक छोटं चुंबक ठेवावं. फ्रिजच्या दारावर लावतात तसलं, पातळ आणि कमजोर. जोरदार चुंबक या कामाला नको, ते अर्धा सेंटिमीटर जाड लांबीच्या, म्हणजे भरावाच्या, थरापलीकडचा पत्रासुद्धा ओढून धरतं आणि सगळं आलबेल असल्याचं सांगतं. रुमालात गुंडाळून ते गाडीच्या अंगावरून सावकाश फिरवायचं. चिकटलं तर रंगाखाली पत्रा आहे. घसरून पडलं तर तिथे कोणीतरी, कधीतरी, भोक बुजवून वरून रंग मारलेला आहे.

पनवेलच्या बाहेर, पळस्पे फाट्याच्या अलीकडच्या एका शेडमध्ये उभ्या असलेल्या मॅटाडोरवर आम्ही हा प्रयोग केला तेव्हा चुंबक सात ठिकाणी पडलं. गाडी माझ्या एका मित्राने घेतली होती. पूर्वी ती एका संस्थेचा फिरता दवाखाना होती. आत दोन्ही बाजूंना सागवानी चौकटीची कपाटं, औषधांचे खण, एक लांब बाक. मित्राला तिची घरगाडी करायची होती. आत झोपता येईल, चहा करता येईल आणि वाटेल तिथे थांबता येईल अशी. पळस्प्यालाच कोकणात उतरणारा रस्ता फुटतो. आधी त्याला सतरा नंबरचा म्हणायचे, आता तो राष्ट्रीय महामार्ग 66, थेट कन्याकुमारीपर्यंत. त्यामुळे या शेडमध्ये उभं राहून मित्राला स्वप्नं पडत होती यात नवल नाही.

मॅटाडोर हा शब्द मराठीत इतका मुरलाय की तो मूळचा स्पॅनिश, बैलाशी झुंजणाऱ्याचं नाव, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याआधी ‘टेम्पो’ मुरला होता. दोन्ही नावं एकाच जर्मन घराण्यातली. हँबुर्ग-हारबुर्गच्या विडाल अँड सोन या कारखान्याच्या गाड्यांचं नाव टेम्पो. त्यांनी 1949 साली टेम्पो मॅटाडोर बाजारात आणली. तिच्यात फोक्सवॅगनचं इंजिन होतं आणि ती पुढच्या चाकांवर ओढली जायची, म्हणून मागचा सगळा तळ सपाट आणि जमिनीलगत. फोक्सवॅगनची स्वतःची प्रसिद्ध व्हॅन त्यानंतर, मार्च 1950 मध्ये आली. पुढे 1952 मध्ये फोक्सवॅगनने इंजिनं देणं बंद केलं आणि टेम्पोला दुसरं इंजिन शोधावं लागलं. घरगाडीचं नाव निघालं की जगभर लोक फोक्सवॅगनचंच घेतात, आणि त्यालाही कारण आहे. वेस्टफालिया नावाच्या गाडीकारखान्याने 1951 पासून तिच्यासाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ विकायला काढला. सुट्टीला निघताना आत ठेवायची आणि सोमवारी काढून ठेवायची लाकडी पेटी, म्हणजे आठवडाभर तीच गाडी माल वाहायला मोकळी. या कल्पनेवर अर्धा युरोप समुद्रावर जाऊन आला. साठ-सत्तरच्या दशकांत इराण-अफगाणिस्तानमार्गे गोव्यापर्यंत आलेल्या गाड्यांमध्येही या फोक्सवॅगन होत्या. पण आपल्याकडे घराघरांत पोचली ती टेम्पोची शाखा. फिरोदियांनी 1958 मध्ये बजाज टेम्पो सुरू केली, पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा राहिला, आणि पुढच्या काही दशकांत वऱ्हाड, शाळेची पोरं, कोंबड्या, रुग्ण आणि नाटकाचं सामान या सगळ्यांची वाहतूक करणारी मॅटाडोर महाराष्ट्राच्या रस्त्यांवर भरून गेली. याच कंपनीचं नाव 2005 पासून फोर्स मोटर्स आहे.

शेडमधल्या डेंटरने चुंबकाकडे बघितलंही नाही. त्याने हाताच्या मुठीने दारालगतचा पत्रा दोनदा वाजवला आणि म्हणाला, “साहेब, आधी आतलं फर्निचर बाहेर काढा. मग पत्र्याचं बोलू.”

मित्राचा हिशोब उलटा होता. कपाटं चांगली दिसत होती, तेव्हा आधी बाहेरचं डेंटिंग-पेंटिंग उरकायचं आणि मग सुताराला बोलवायचं. बहुतेक लोक असंच करतात आणि बहुतेकांचं काम दोन पावसाळ्यांत पुन्हा निघतं. अशा गाडीत पत्रा आणि लाकूड ही दोन कामं नसतात. दोघांच्या मध्ये बोटभर अंधारी फट असते आणि सगळं नाटक त्या फटीत चालतं.

पाण्याचा प्रवास सांगतो. खिडकीच्या काचेभोवतीचं रबर वीस-पंचवीस वर्षांत कडक होतं, कोपऱ्यात चिरतं. पाऊस तिथून आत येतो, पण धार लागून नव्हे, थेंबाथेंबाने. थेंब आतल्या पत्र्याला धरून खाली उतरतो आणि कपाटाच्या पाठीमागे जातो. तिथे वारा नाही, ऊन नाही, कोणाचा हात पोचत नाही. कपाटाची पाठ पाणी पिते आणि स्पंजासारखी पत्र्याला चिकटून बसते. उरलेलं पाणी तळाशी जाऊन पायदानाच्या पोकळ पत्र्यात साचतं. त्या पोकळीला कारखान्याने खाली निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात, पण ती धुळीने, चिखलाने किंवा एखाद्या हौशी मालकाने मारलेल्या डांबरी थराने बुजलेली असतात. म्हणजे बाहेर ऊन पडलं तरी आत पाऊस चालूच. पनवेलच्या बाजूला वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि खाडी जवळ असल्याने हवेत मीठ. पाण्यात मीठ विरघळलं की त्यातून वीज सहज वाहते, आणि गंजणं ही मुळात विजेचीच करामत आहे. लोखंडाच्या एका ठिपक्यातून इलेक्ट्रॉन निघतात, जवळच्या दुसऱ्या ठिपक्यावर प्राणवायू ते घेतो, आणि मधलं पाणी आयन वाहून नेत हे मंडल पूर्ण करतं. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात गंज धरला की तो जोड आतून पाचर ठोकल्यासारखा फाकतो, आणि फाकलेल्या फटीत आणखी पाणी.

कपाटं काढायला दीड दिवस लागला. स्क्रू गंजून लाकडाशी एकजीव झाले होते. सागाच्या ओल्या लाकडात लोखंडी स्क्रूभोवती काळा डाग पडतो तो इथे प्रत्येक भोकाशी होता. डावीकडचं मोठं कपाट सुटलं तेव्हा त्याची मागची प्लाय पापडासारखी पदरापदराने निघून आली. आणि तिच्यामागे, बाहेरून गुळगुळीत क्रीम रंगाचा दिसणाऱ्या भागात, आरपार उजेड दिसला. चुंबक नेमकं तिथेच पडलं होतं. एका खणाच्या दाराच्या आतल्या बाजूला मात्र निळ्या ऑइल पेंटने, सरळ सुबक अक्षरांत, ‘मलमपट्टी’ असं लिहिलेलं सापडलं. ते दार मित्राने लगेच उचलून स्वतःच्या गाडीत नेऊन ठेवलं.

सडलेला पत्रा दुरुस्त होत नाही, तो कापावा लागतो. हे मालकाच्या जिवावर येतं. भोक वाटाण्याएवढं असतं आणि डेंटर ग्राइंडरने तळहाताएवढा तुकडा उडवतो. पण भोकाभोवतीचा पत्रा आतून कागदाएवढा राहिलेला असतो आणि त्यावर टाका घातला तर तो जळून भोक मोठं होतं. टाका धरेल असं चकचकीत पोलाद लागेपर्यंत मागे सरकायचं, हा नियम. नवा पत्रा आणायला लांब जावं लागलं नाही. कळंबोलीचा पोलाद बाजार शेजारीच, तिथे सीआर शीट हव्या त्या गेजची मिळते. वीस गेज म्हणजे सुमारे 0.9 मिलिमीटर, अठरा म्हणजे 1.2. अंगाला वीस आणि तळाला अठरा, असं ठरलं. तळाला आणखी जाड घालू या, असं मित्र म्हणत होता. डेंटरने नको म्हटलं. जाड पत्र्याच्या कडेला पातळ पत्रा थकतो आणि जोडाच्या बाजूने चीर जाते.

खरं कसब तुकडा कापण्यात नाही, तो जोडताना बाकीचा पत्रा शहाणा ठेवण्यात आहे. एक मीटर पोलाद शंभर अंशांनी तापलं की सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढतं, आणि वेल्डिंगच्या जागी तर ते वितळतं. तापलेल्या भागाला फुगायचं असतं, भोवतालचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही, मग तो स्वतःतच चेपून जाड होतो आणि निवताना आखडतो. परिणाम म्हणजे गाडीचं अंग डबडबतं. अंगठ्याने दाबलं की ‘टक’ करून आत जातं, सोडलं की ‘टक’ करून बाहेर. जुन्या गॅस वेल्डिंगची ज्योत पसरट, म्हणून हा त्रास जास्त. आता गॅरेजवाले ज्याला ‘सीओटू’ म्हणतात ते वेल्डिंग आटोपशीर असतं. तरीही आमचा डेंटर एक टाका इथे, दुसरा पार समोरच्या कडेला, मध्ये ओल्या फडक्याने जागा गार करायची, चहा प्यायचा, मग तिसरा, असं करत होता. हातभर जोडाला अख्खी दुपार गेली. डबडबलेला एक भाग त्याने उलट युक्तीने बसवला. मध्यावर नाण्याएवढा ठिपका लाल केला, खालून डॉली, म्हणजे आधाराचा लोखंडी ठोकळा, धरून हलकी हातोडी मारली आणि लगेच ओलं फडकं ठेवलं. ठिपका आखडला आणि त्याने भोवतालचा सैल पत्रा ओढून ताणला.

जोड बसला तरी पातळी बिनचूक होत नाही, थोडा खोलगटपणा राहतो. तिथे लांबी लागते. लांबी हा शब्द सुताराचा आणि डेंटरचा सामाईक. पूर्वी खिडकीची काच बसवायला वापरायचे ती वेगळी, ही पॉलिएस्टरची, दोन भाग कालवून दहा-पंधरा मिनिटांत दगड होणारी. लांबीला शिव्या देणं सोपं आहे, पण दोष तिचा नाही. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत, चांगल्या पत्र्यावर, ती उत्तम. भोकावर जाळी लावून अंगठाभर थापली की ती मागच्या बाजूने ओल पिते, पुढच्या बाजूला रंगाचे फोड येतात, आणि पुढचं गिऱ्हाईक चुंबक घेऊन येतं.

लांबीच्या आधीची पद्धत आपल्याला घरातून ओळखीची आहे. पॉलिएस्टर नव्हतं तेव्हा खोलगट भाग शिसं आणि कथलाच्या मिश्रणाने भरत. आणि ते पत्र्याला धरावं म्हणून आधी पत्र्यावर कथलाचा पातळ हात द्यावा लागे. जागा घासून लख्ख करायची, तापवायची, क्षार लावायचा, कथील टेकवायचं आणि कापडाने झर्रकन पुसायचं. म्हणजे कल्हईच की! पितळेच्या पातेल्यावर नवसागराचा पांढरा धूर काढत कल्हईवाला जे करायचा तेच. शिशाचे कण आणि धूर विषारी, म्हणून हे काम आता फार कमी लोक करतात आणि करायचं तर मास्क लावून, घासण्यासाठी पॉलिशपेपर न वापरता कानशीच वापरून, धूळ न उडवता. पण केलेलं काम पाणी पीत नाही. आमच्या डेंटरकडे ते जुनं सामान होतं. त्याने पन्हळीच्या जोडाला, जिथून छताचं पाणी वाहतं तिथे, शिसं न वापरता नुसत्या कथलाचा हात दिला. बाकी सगळीकडे पातळ लांबी.

रंगाचं काम पावसाळ्यात निघालं तर थांबावं. मित्राला हे पटेना, शेडला छप्पर होतं. पण प्रश्न छपराचा नाही, हवेचा आहे. जुन्या पद्धतीच्या लॅकर रंगातला थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि जुलैच्या दमट हवेतलं बाष्प त्या गार रंगावर दहिवरासारखं बसतं. रंग वाळतो तो दुधाळ, धुरकट. या लॅकरला आपल्याकडे अजून ‘ड्युको’ म्हणतात. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूपाँटने आणलेल्या रंगाचं ते नाव. त्याने गाडी रंगवायला लागणारे आठवडे तासांवर आणले. गंमत म्हणजे गाड्यांनी ड्युको कधीचा सोडला, पण सुतारांनी तो उचलला, आणि आज ड्युको म्हटलं की लोकांना स्वयंपाकघरातलं चकचकीत कपाट आठवतं. मॅटाडोरला प्रायमर मारून ठेवला आणि रंग दिवाळीनंतर.

मधल्या महिन्यांत लाकूड.

लोखंड आणि लाकूड एकत्र आणण्याची कला पनवेलला नवी नाही. बोरघाटातला गाडीरस्ता 1830 मध्ये झाला. मुंबईहून होड्यांनी पनवेलच्या बंदरात उतरलेला माल बैलगाड्यांनी घाट चढू लागला. गाड्यांची चाकं करणं हा इथला मोठा धंदा झाला, इतका की इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरांनी कुलाबा जिल्ह्याच्या उद्योगांत त्याची वेगळी नोंद घेतली. सुतार तुंबा कोरायचा, त्यात आरे बसवायचा. मग लोहार लोखंडी धाव चाकाच्या घेराहून थोडी लहान बनवायचा, ती लालबुंद तापवून वाढवायची, चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचं. धाव आखडताना सगळ्या आऱ्यांना करकचून आवळून घ्यायची. ना खिळा, ना डिंक. आमच्या डेंटरने लाल ठिपक्यावर ओलं फडकं ठेवलं तेव्हा तो तेच करत होता, फक्त मापाने बारीक.

सुतार आला तो टेप न काढता जुन्या खोक्यांचे पुठ्ठे मागायला लागला. गाडीची भिंत सरळ नसते. ती वरच्या बाजूला आत कलते, मध्ये फुगते, आणि डावी-उजवी सारखी असतेच असं नाही. मापं घेऊन कपाट केलं तर ते कुठेच टेकत नाही. म्हणून पुठ्ठा भिंतीला उभा धरायचा, एका लाकडी ठोकळ्याला पेन्सिल लावून तो ठोकळा भिंतीला घासत वरून खाली न्यायचा. भिंतीचा बाक पुठ्ठ्यावर उमटतो. तो कापून प्लायवर ठेवायचा. दोन दिवस शेडमध्ये नुसते पुठ्ठेच.

जुन्या कपाटांच्या सागवानी चौकटी त्याने फेकू दिल्या नाहीत. सागात नैसर्गिक तेल असतं, त्याला वाळवी आणि ओल सहज बाधत नाही. काळे डाग रंध्याने गेले. पाठी आणि तळ मात्र नव्या. लाकूड ओल पिऊन फुगतं ते लांबीत नव्हे, रुंदीत, कारण त्याचे तंतू उभे असतात. प्लायमध्ये एक पदर उभा, एक आडवा, म्हणून ते एकमेकांना धरून ठेवतात. पण पदरांमधला डिंक कुठला हे महत्त्वाचं. आयएस 303 चा शिक्का म्हणजे घरातल्या कपाटाची प्लाय, आयएस 710 म्हणजे मरीन. तिचा डिंक 72 तास उकळत्या पाण्यात ठेवूनही सुटता कामा नये. आणि एवढं करून कापलेल्या कडा उघड्या ठेवल्या तर पाणी कडेनेच आत जातं. सुतार प्रत्येक कडेला दोन हात पॉलिश पाजत होता, जी कधी कोणाला दिसणार नाही तिलासुद्धा.

वजनाचा मुद्दा घरच्या सुताराच्या लक्षात येत नाही. अठरा एमएमचा आठ बाय चारचा एक बोर्ड पस्तीस किलोच्या आसपास भरतो. असे पाच लावले की अडीच माणसं कायमची गाडीत बसली, तीही उंचावर. घाटातल्या वळणावर ती जाणवतात. इथे चौकटी सागाच्या आणि भराव नऊ एमएमचा, तोही चौकटीच्या खाचेत सैल, डिंक न लावता. पावसाळ्यात फुगायला जागा हवी. कपाटाची पाठ पत्र्याला कुठेही चिकटत नाही. मध्ये बोटभर फट, वर आणि खाली हवेला वाट. जुन्या दवाखान्याच्या सुताराने हीच एक गोष्ट केली नव्हती.

खणांची युक्ती बघण्यासारखी. लोहचुंबकाच्या कॅचवर बंद होणारा खण खंबाटकीच्या पहिल्या वळणावर उघडतो आणि चमचे ड्रायव्हरच्या पायाशी येतात. सुताराने खणाच्या तळाच्या पट्टीला पुढच्या बाजूला करंगळीएवढी खाच मारली. बंद झाल्यावर खण त्या खाचेत खाली बसतो. उघडायचा तर आधी किंचित उचलावा लागतो. हाताला सवय व्हायला एक दिवस लागतो, वळणाला ती कधीच होत नाही. ‘मलमपट्टी’ लिहिलेलं दार गॅसच्या शेजारच्या खणाला लागलं, अक्षरं आतच ठेवून.

कागदांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हेच पुन्हा सांगितलं. दवाखान्याची घरगाडी करायची तर आरटीओच्या दारात आधी जावं, नंतर नव्हे. आणि ‘व्हिंटेज’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो, कायदा नाही वापरत. 2021 च्या नियमांप्रमाणे गाडीला पन्नास वर्षं पूर्ण हवीत, सांगाडा आणि इंजिन मूळचं हवं, आणि ‘व्हीए’ नंबर मिळाला की ती रोजच्या वापराला काढता येत नाही. आमची मॅटाडोर तेवढी म्हातारी नव्हती. मित्राला त्याचा आनंदच झाला, त्याला ती दिवाणखान्यात ठेवायची नव्हती.

दिवाळीनंतर रंग झाला, नवी रबरं बसली, कपाटं चढली. मग पाण्याची परीक्षा. आतल्या तळावर आणि प्रत्येक फळीवर कोरडी रांगोळी चाळून पसरली, म्हणजे एक थेंब पडला तरी डाग दिसावा. मी आत बॅटरी घेऊन बसलो, बाहेरून नळी. वीस मिनिटं खिडक्यांवर, वीस मिनिटं पन्हळीवर. रांगोळी पांढरीशुभ्र. मग छतावर पाणी सोडलं आणि वरच्या कपाटात, मधल्या फळीवर, एक काळा ठिपका उमटला. थोड्या वेळाने दुसरा. दोन्ही एकाच जागी.

डेंटर शिडी लावून वर गेला आणि ओल्या छतावरून तळहात फिरवू लागला. एका ठिकाणी हात थबकला. कपाट टांगायला आतून मारलेल्या स्क्रूचं टोक, मोहरीएवढं, नव्या रंगातून वर आलं होतं.

“अर्ध्या इंचाचे संपले होते, पाऊण इंचाचा लावला,” सुतार खालून म्हणाला.

डेंटर काही बोलला नाही. खाली उतरला आणि कथलाची कांडी शोधायला लागला.